कानसेनचा पंप

गॅरेजवाल्या मिस्त्रीला सगळे कानसेन म्हणत. बॉनेट न उघडता, नुसतं इंजिन ऐकून तो गाडीचं दुखणं सांगायचा. गाडीवाला काही सांगू लागला की म्हणायचा, "तुम्ही जरा गप्प बसा, तिला बोलू द्या."

घरात मात्र बोलणं कमीच उरलं होतं. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली आणि बायको आजारी. दर आठवड्याला तिला शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात न्यायचं. परतताना ती मागच्या सीटवर आडवी व्हायची. गाडी जुनी, कार्बोरेटरची. एकदा ऐन चौकात बंद पडली. मागे हॉर्नचा गोंगाट आणि सीटवर ती ओकत होती. त्याच दिवशी त्याने ठरवलं, कार्बोरेटर काढून पेट्रोलचं इंजेक्शन बसवायचं.

"बसवा," ती म्हणाली. "मला एकटीलाच किती टोचणार? आता तिलाही टोचा."

इंजेक्शनला पेट्रोल दाबाने लागतं. इंजिनावरचा जुना पंप त्याला पुरा पडत नाही, विजेवरचा घ्यावा लागतो. हा नवा गडी ढकलायला वाघ, पण ओढायचं म्हटलं की ढेपाळतो. म्हणून त्याला टाकीजवळ आणि टाकीच्या तळाहून खाली बसवायचं. मिस्त्रीला हे सगळं पाठ होतं. प्रश्न एवढाच, की पंप टाकीच्या आत बुडवायचा की बाहेर लावायचा.

"आतला घ्या," दुकानदार म्हणाला. "थंड राहतो आणि आवाज करत नाही."

तिथेच बिनसलं. आवाजच करत नसेल तर बिघडलेला कळणार कसा? मिस्त्रीने बाहेरचा घेतला आणि मागच्या सीटखाली, गाडीच्या पोटाला बोल्टने आवळला. मध्ये रबरसुद्धा घातलं नाही. रबराने आवाज दबतो आणि त्याला तर बिघाडाची पहिली कुरकुर ऐकायची होती. हट्टाला औषध नसतं.

चावी फिरवताच गाडी चालू झाली. तो कान टवकारून बसला. काही नाही.

"बघ," तो मागे बसलेल्या बायकोकडे वळून म्हणाला, "बाहेरचा असून हूं की चूं नाही!"

"हो," ती म्हणाली.

त्यानंतर गाडी कुठे अडली नाही. ती मात्र कानांवरून शाल गुंडाळून पडायची. औषधाने डोकं दुखत असेल, असं त्याने धरलं. मग ती दवाखानाच नको म्हणू लागली. तिने हाय खाल्ली असं त्याला वाटायचं.

मुलगी भेटायला आली तेव्हा आईचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. गाडी निघाली तशी ओरडली, "बाबा, हे काय वाजतंय?"

"कुठे काय?"

"कुठे काय म्हणजे? दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतंय!"

आरशात त्याला दिसलं, आईने मुलीचं मनगट दाबलं होतं.

गाडी कडेला घेऊन, इंजिन चालूच ठेवून तो मागे आला. सीटवर हात ठेवला तर थरथर लागली. कान टेकवला. इंजिनाची घरघर ऐकू आली, पण दातांच्या मशीनसारखं बारीक काही नाही.

"केव्हापासून?" त्याने बायकोला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? कान गेले हे कळलं असतं तर तुम्ही गॅरेजची पायरी चढला नसता. मग काय, दोघांनी घरात एकमेकांची तोंडं बघत बसायचं?"

तो रस्त्यावरच रडला. लोक बघतात की नाही याचीही त्याला शुद्ध नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने टाकी उतरवली, पेट्रोल काढलं, आतला पंप आणून बुडवला. मुलीने मागे बसून पाहिलं आणि ती म्हणाली, आता छान आहे. मग ती आपल्या घरी गेली. मिस्त्रीच्या मनाने उभारी धरली. बायको बिचारी आवाजालाच कंटाळली होती, दवाखान्याला नव्हे, असं तो स्वतःला सांगत राहिला.

दवाखान्याचा दिवस आला. त्याने सीटवर उशी ठेवली, दार उघडून धरलं. ती उंबऱ्याशीच थांबली.

"आज नको. यापुढेही नको."

"अगं, आता आवाज नाही ना गाडीत?"

"नाही हो. पंपामुळे नको म्हणत नव्हतेच मी."

ती या वेळी खरं बोलत होती. ते त्याला नीट ऐकू आलं.