ट्रकची सावली

गल्लीतला गुलमोहर ऐन फुलोऱ्यात असताना काल महापालिकेची माणसं ट्रक घेऊन फांद्या छाटायला आली. छाटणी कसली, विजेच्या तारांकडची अख्खी बाजूच त्यांनी भुंडी केली. समोरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "कसाई आहात का रे!" आणि लगेच म्हणाल्या, "आमच्या गाडीवरची तीपण घ्या, फार पाला पडतो." त्यांनी तीही घेतली. आपल्याला फांदी नको असते, ती तोडणाराही नको असतो; सावली तेवढी हवी असते.

दुपारी ती माणसं डबे घेऊन आमच्या जिन्यात टेकली, तर काकूंनी उठवलं, "इथं नको, सांडलवंड होते." मग ती गुलमोहराखाली टेकली. एकानं वर पाहिलं. सगळे उठले आणि ट्रकच्या सावलीत जाऊन जेवायला बसले.