गच्च धरल्याला हात

लेक माझी तवा दहा महिन्यांची. दोन दिवस उलट्या-जुलाब, तिसऱ्या दिवशी डोळं आत गेलं, रडली तरी डोळ्यांत पाणी यीना. कोरेगावच्या डॉक्टरनं सांगितलं, सलाईन लावायलाच पायजे, सातारला न्या. मालक पलटणीत, लांब. मी न् आत्या, म्हंजी माझी सासू, दोघीच वडापच्या जीपनं गेलो. वाटंनं मी सारखी तिच्या नाकाफुडं बोट धरून बघायची, श्वास हाय का.

दवाखान्यात सिस्टरनं दोनी हातांत सुई घालून बघितली, मग पायात. शिरच घावंना. पोरगी गुबगुबीत, त्यात अंगातलं पाणी गेल्यालं. मी तिचा हात गच्च धरून बसल्याली. सवयच तशी, न्हाऊ घालताना आत्यांनी शिकवल्यालं, तेलाचं पोर निसटतं, गच्च धर.

"शिर न्हाई घावली तर वो?" मी इचारलं.

"मशीन आणते. थांबा."

मशीन म्हंजी दांडीवरचा बारका दिवा. पोरीच्या हातावर हिरवा उजेड पडला न् त्यात काळ्या रेघा उठल्या, उसाच्या मुळ्यांवानी.

आत्या म्हणल्या, "आवं बाई, भाजंल की पोरीला."

"नाही भाजत, आजी. आतल्या शिरा बघतंय न् त्याच कातडीवर काढून दावतंय. आता ऑपरेशनातबी असलं येणार म्हणतात, आत काय कुठं हाय ते पोटावरच दिसंल."

"म्हंजी पोटातलं समद्यांला कळायचं म्हणा," आत्या म्हणल्या. सिस्टर हसली. मला हसू यीना.

तेवढ्यात पोरीनं हात झटकला. मला वाटलं, गेल्या आता रेघा. आमच्याकडं गणपतीत चौकात पडदा लावून पिच्चर दावायचे, वाऱ्यानं पडदा हलला की नटीचं नाक वाकडं व्हायचं. हितं तसं न्हाई झालं. हात गेला तिकडं रेघाबी गेल्या. मूठ वळली तर त्याबी वळल्या, जागा सोडंनात.

एक रेघ चांगली जाड हुती. बोटांकडनं आली न् माझ्या अंगठ्यापाशी संपली.

"ताई, तुम्हीच दाबलीय ती," सिस्टर म्हणली. "सोडा."

"निसटंल वो."

"हलू दे हात. रेघा जातायत की त्याच्या मागं."

मला सोडवंना. शिकल्याली नववी, मशीनचं काय कळतंय. पण रेघ डोळ्यांफुडं संपल्याली दिसत हुती. एकेक बोट ढिलं केलं. अंगठा काढला तशी रेघ हळूच फुडं पळाली, पार मनगटापतूर. सिस्टरनं कोपरापाशी हलकं धरलं न् सुई घातली. नळीत रगत दिसलं.

दुपारनं पोरीनं शू करून झबलं वलं केलं, सकाळपासनं पयल्यांदाच. आत्यांनी ते वलं झबलं कपाळाला लावलं.

आता ती चालती. न्हाऊ घालताना आत्या अजून म्हणत्यात, "गच्च धर गं तिला." मी व्हय म्हणती न् अंगठा जरा बाजूला घेती.