मार्टिनाबाईंची कुंडी

दत्ताराम पाष्टे मूळचा गुहागरचा. बहरीनमध्ये तो अमवाज बेटांवरच्या बंगल्यांत माळीकाम करायचा. तिथल्या मार्टिनाबाईंनी आल्प्समधल्या आपल्या गावाहून एका रानफुलाचं बी आणलं. त्या रोपाला तीन-तीन पानं आणि गुलाबी फुलं येतात म्हणाल्या.

"जगेल ना इथे?"

मार्चच्या या उन्हात ते जगणार नाही, हे त्याला दिसत होतं. तरी तो म्हणाला, "इंशाल्ला, मॅडम."

कोवळे कोंब चार दिवसांत करपले. बाईंना सांगायचा धीर झाला नाही, म्हणून त्याने त्याच कुंडीत आपल्या डब्यातले मेथीदाणे पेरले. पानं जवळपास तशीच आली. बाई हरखल्या. एका सकाळी त्या आईला पाठवायला एक पान पुस्तकात दाबू लागल्या, तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"मॅडम, ती मेथी आहे. तुमचं रोप मेलं."

बाई रागावल्या नाहीत, नुसत्या आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मेथीचं काय करतात?"

"भाजी," तो मान खाली घालून म्हणाला.

त्यांनी सगळी मेथी खुडून त्याच्या हातात दिली. खोलीवर त्याने भाजी केली, पण घास काही उतरेना.