पोहोचल्याचा फोन

प्रताप नगरात यमुताईंचं अन् माह्यं घर दाराले दार लागून. माह्या घरी माणसं मावत नाही, अन् त्यांच्या घरी त्या एकट्या. जन्मभर सरकारी कचेरीत टायपिंग केलं, पण घर असं ठेवलं की जमिनीवर वाढलं तर जेवून घ्यावं. त्यांचे यजमान कृष्णकांतभाऊ गेले त्याले वर्ष झालं. वर्षश्राद्धाले मुलगा सुमंत न्यूझीलंडहून आला, चार दिवस राह्यला अन् सकाळच्या विमानानं चालला गेला.

त्या दुपारी मी डोकावली तर हॉलमध्ये हा केर! सांडलेले पोहे, बॅगेचे टॅग, सारं तसंच.

"काहून वो ताई, बरं नाही का?"

"मला काय होतंय! सुमंत पोहोचायचा आहे ना अजून."

हौ, ते आमच्यातही पाळतात. घरचं माणूस प्रवासाले गेलं की पोहोचेपर्यंत झाडू मारत नाही. पण आमचं माणूस जाते कुठं, तर वर्ध्याले. संध्याकाळी झाडू हातात येतेच.

यमुताईंनी मोबाइलले विचारून ठेवलं होतं. नागपूर ते ऑकलंड बारा हजार किलोमीटर, विमानानं पंधरा तास. "म्हणजे मध्यरात्रीपर्यंत उतरेल," त्या म्हणाल्या.

पहाट झाली, दुपार झाली, फोन नाही. बाईचं तोंड एवढंसं झालं. मग माह्या पोरीनं, काजलनं, समजावलं. इथून सरळ विमान कुठं आहे बाप्पा! आधी मुंबई, मग सिंगापूर, तिथं ताटकळत बसा, मग पुढचं विमान. मोबाइलनं सांगितले ते नुसते उडायचे तास. तेव्हा कुठं त्यांनी दोन घास खाल्ले.

आणखी दोन दिवस गेले. केर पायाले लागून राहिला होता अन् माह्या जिवाले घोर. मी काजलले म्हणलं, पाह्य वं, हे पोट्टं गेलं कुठं. तिनं मोबाइल काढला. सुमंतनं कालच फोटो टाकला होता. बायको अस्मिता संगं, समुद्राकाठी, आइस्क्रीम खाऊन राहिला. भैताड कुठला! इथं मायचा जीव टांगणीले!

मी काजलचा मोबाइल घेऊन तशीच धावली. "ताई, पोहोचला! हे पाहा! आणा तो झाडू, मीच मारते."

त्यांनी फोटोकडे पाह्यलंसुद्धा नाही. "पाहिलाय मी. कालच."

"मंग केर काहून नाही काढला?"

"पोहोचलो म्हणून त्यानं मला कुठे सांगितलंय?"

माह्यं डोकंच फिरलं. "थांबा, आत्ता लावते फोन. अशी सुनावते त्याले!"

त्यांनी माह्या हातावर हात ठेवला. घट्ट.

"नको गं सुभद्रा. तू आठवण करून दिल्यावर केलेला फोन मला नको."

मी तिथंच भिंतीले टेकून खाली बसली, अन् त्यांच्याआधी मलेच रडू आलं.