उंद्रीच्या वावरातलं बनियन

माझ्या खोलीसोबत्याइतका मातीवर जीव टाकणारा माणूस सबंध बुलढाणा जिल्ह्यात नसेल, आणि त्यापायी दुसऱ्याचे कपडे इतक्या निर्मळ मनाने पळवणारा तर उभ्या महाराष्ट्रात नसेल. मेहकरला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. त्याचा मुख्य विषय कॉम्प्युटर. शाश्वत शेती हा नुसता जोडविषय, म्हणजे मायनर. पण कॉम्प्युटरशी तो दूरच्या पाहुण्याशी बोलावं तेवढंच बोलायचा. त्याच्या गावात, उंद्रीत, मायनर म्हणजे कालव्याचा लहान फाटा. त्यामुळे गावी गेला की कोणीतरी विचारायचंच, "काऊन बे, मायनरले पाणी कधी सुटते?" तो न चिडता सांगायचा, "चौथ्या सेमिस्टरले, काका." खोलीतली चहापत्ती, केळीची सालं, एवढंच काय, माझे कापलेले केसही त्याने कुंडीत जिरवले. रस्त्यावर गांडूळ दिसलं की ते उचलून झाडाखाली ठेवल्याशिवाय पुढे जायचा नाही. त्यात एकदा आमची परीक्षेची बस सुटली.

दुसऱ्या वर्षी पेरणीच्या वेळी त्याने वडिलांकडे एक एकर मागितला. तणनाशक नाही, फवारणी नाही. वडील म्हणाले, "माह्या मातीत काय खोट हाये ते दाखव मले, मंग देतो." झालं! त्याने माझी दोन नवी सुती बनियनं उचलली. एक वडिलांच्या सोयाबीनमध्ये पुरलं, दुसरं धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, लिंबाखाली, जिथे औषधाचा थेंब कधी पडला नव्हता. जिवंत माती सूत खाते, दोन महिन्यांनी उकरून पाहायचं, असा तो प्रयोग. माझी संमती त्याने पुरल्यानंतर घेतली.

उकरताना मीही होतो. सोयाबीनमधलं बनियन मळलेलं पण धडधाकट निघालं. वडिलांची छाती फुगली. "पाहा हो, माह्या वावरात बनियनबी सडत नाही!" असं ते शेजाऱ्यांना हाका मारून दाखवू लागले. वर्गात सरांना बोलू न देणारा माझा मित्र मात्र बापाशी वाद न घालता कुदळ उचलून लिंबाकडे निघाला. मला त्याचा रागच आला. एकर हातचा चालला होता. त्याने लिंबाखाली खणलं. तिथे नुसती शिवण आणि गळ्याची पट्टी उरली होती.

"बाकीचं कुठी गेलं?" वडिलांनी विचारलं.

"मातीनं खाल्लं, बाबा."

दोन हातांत दोन बनियनं धरून त्यांनी ती आळीपाळीने उन्हात निरखली. मग आजारी लेकराबद्दल विचारावं तसं हळू विचारलं, "मंग माह्या वावराले भूक काऊन नाही लागत बे?"

एकर मिळाला. कॉलेज संपलं, मी पुण्यात नोकरीला लागलो, तो उंद्रीतच राहिला. बनियन पुरायचं काम आता वडील स्वतः करतात, आणि दरवर्षी पोळ्याच्या आधी मला फोटो येतो. यंदाच्या फोटोत भोकंच भोकं होती आणि खाली एक ओळ: 'बाबा म्हणते, वावर जेवाले लागलं.' इथे चौथ्या मजल्यावर माझी सगळी बनियनं शाबूत आहेत, आणि त्याचंच कधी कधी फार वाईट वाटतं.