चाक काढून देणारा

एक ब्रिटिश सायकलपटू निवृत्त झाल्याची बातमी मी स्वारगेटला, बसची वाट बघताना मोबाइलवर वाचली. चार ओळी, आणि त्यातल्या दोन त्याच्या कॅप्टनच्या कौतुकाच्या. निवृत्त नक्की कोण झालं, हे लिहिणारा बहुधा विसरला असावा. माझं डोकं फिरलं. बस आली तरी मी चढलो नाही, फलाटावर येरझारा घालत राहिलो.

या माणसाच्या शर्यती मी वर्षानुवर्षं बघितल्या. तो जिंकायचा नाही. कॅप्टनच्या पुढे राहून समोरचा वारा अंगावर घ्यायचा, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणायचा. एकदा डोंगरात कॅप्टनची सायकल पंक्चर झाली आणि संघाची गाडी मागे अडकलेली. यानं स्वतःचं पुढचं चाक काढून दिलं. कॅमेरा कॅप्टनबरोबर निघून गेला. हा रस्त्याच्या कडेला एका चाकाची सायकल धरून उभा.

मीही तसा उभा राहिलो आहे. कॉलेजच्या संघातून शर्यतीत उतरलो होतो. कात्रजच्या घाटात आमच्या कॅप्टनला मी माझं चाक दिलं. संघाचा रिवाजच तो, त्याबद्दल तक्रार नाही. कॅप्टन जिंकला आणि त्या जोरावर त्याला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. पुढे आमची मैत्री टिकली, पण तीस वर्षांत त्यानं त्या चाकाचा विषय एकदाही काढला नाही. हे मला आतून खात आलं आहे.

ती बातमी वाचून मला राहवेना. कामं टाकली आणि वाघोलीला त्याच्या फ्लॅटवर जाऊन थडकलो.

"न कळवता आलास? कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. हे बघ," म्हणत मी मोबाइलवर ती डोंगरातली शर्यत लावली.

त्यानं ती बघितली. पुन्हा मागे घेऊन बघितली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तू त्या दिवशी घाटातून घरी कसा गेलास रे?"

"चालत. सायकल खांद्यावर घेऊन."

त्यानं मोबाइल उलटा करून ठेवला.

"मुद्दाम विचारलं नाही कधी," तो म्हणाला. "विचारलं असतं, तर मला ती नोकरी करवली नसती."

इतकी वर्षं मला एवढंच ऐकायचं होतं. ऐकलं. राग मात्र तसाच होता, आणि समोर डोळे पुसत बसलेल्या माणसावर तो काढताही येईना. मी चहा न घेताच उठलो.