मणक्यातला गॅप

शहाण्या माणसाने आजारी पडायचंच ठरवलं, तर नाव असलेल्या आजाराने पडावं. मला ती अक्कल नव्हती.

माझ्या हातांची आग होते. गोणीभर मिरच्या कुटून तसंच बसून राहावं, तशी कोपरापासून बोटांपर्यंत. मग अंगातलं बळ ओसरतं आणि चहाचा कपसुद्धा उचलवत नाही. कधी तासाभरात थांबतं, कधी दोन दिवस चालतं, आणि मग महिनाभर काहीच नाही. त्या महिन्यात मी मखमलाबादच्या आमच्या मळ्यात शेवंती तोडते, स्कूटरवरून पंचवटीत जाऊन येते. मला तसं बघून कोणी खूश होत नाही. त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

डॉक्टरांचं काय सांगावं. पहिल्यांनी रिपोर्ट नीट वाचले, माझ्याकडे मात्र बघितलं नाही, आणि सगळं नॉर्मल आहे म्हणून माझं अभिनंदन केलं. दुसऱ्यांनी वय विचारलं आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना निदान सापडलं होतं. तिसऱ्यांनी, नवरा शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना, घरी काही टेन्शन आहे का म्हणून विचारलं. या प्रश्नाचं खरं उत्तर अशा वेळी कोणती बाई देईल, हे त्या विद्वानांना शिकवलेलं नसावं. गोळी मात्र तिघांनीही एकच लिहून दिली. लाल, गुळगुळीत, कशावरच न चालणारी.

एकटे आमचे हेच तेवढे माझ्या बाजूने होते. आग उठली की ते बघत. पातेलं माझ्या हातातून सुटण्याआधी पकडत. बाकी जगाने मला नाटकी म्हटलं तरी घरात एक साक्षीदार आहे, या बळावर माझं चाललं होतं.

पण आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जायचं असतं. जो जात नाही तो वर्षानुवर्षं लक्षात राहतो. यायचं, बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवायचा, काय झालंय विचारायचं, आजाराचं नाव ऐकून चुकचुकायचं, त्याच आजाराने कोण कसं गेलं ते सविस्तर सांगायचं, पोहे खायचे आणि उठायचं. माझ्याकडे नावच नसल्यामुळे ही सगळी गाडी तिथेच अडायची. बिचारी माणसं पुडा हातात धरून बसून राहायची.

एकदा मालेगावला दिलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई शहाळी घेऊन आल्या. तिकडे इतकी वर्षं काढल्यावर त्यांची भाषाही तिकडचीच झाली आहे. त्यांनी विचारलं, "नेमकं काय व्हयनं शे तुले?" मी आगीचं सांगितलं. त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले, बाजारात वांगी बघावीत तसे, आणि परत माझ्या मांडीवर ठेवले. आणलेली शहाळी पिशवीतून काढावीत की नाही, त्यांना कळेना. तेवढ्यात पोह्यांच्या ताटल्या घेऊन आलेल्या माझ्या जाऊबाई सहज म्हणाल्या, "मणक्यात गॅप आहे ना तिच्या."

काय सुटका झाली सगळ्यांची. नणंदबाई चुकचुकल्या. त्यांच्या शेजारणीला गॅप होता, ती वर्षभर अंथरुणात होती. माझ्या पाठीमागे दोन उशा आल्या. मी "नाही हो" म्हणायला तोंड उघडलं होतं, पण उशा फार मऊ होत्या.

गॅपने मला जे दिलं ते खऱ्या आजाराने कधी दिलं नव्हतं. साखरपुड्याला सगळ्या बायका खाली सतरंजीवर आणि मला खुर्ची. हळदीकुंकवाला कोणी वाकू देईना. कोणी चौकशी केली तर आमचे हेही गॅपच सांगू लागले. मीही निर्लज्जपणे कमरेचा पट्टा विकत आणला आणि तो साडीवरून बांधू लागले, म्हणजे लांबून दिसावा. दिंडोरीच्या एका लग्नात दुसरी एक पट्टेवाली भेटली. तिने मणका कितवा म्हणून विचारलं. मी म्हटलं, चौथा-पाचवा. तिचाही तोच निघाला. मग आम्ही जेवणं होईपर्यंत बोललो आणि मी तिला कसं झोपायचं याचा सल्लासुद्धा दिला. माझ्याइतका ढोंगी मणका नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल.

मग एका संध्याकाळी आग उठली. दूध ओतता ओतता पातेलं सुटलं, सगळं फरशीवर. आमचे हे धावत आले, आत गेले आणि पट्टा घेऊन बाहेर आले. मोठ्या मायेने माझ्या कमरेला तो आवळू लागले.

मी म्हटलं, "अहो, हात जळताहेत माझे. कमरेचं काय मधेच?"

"गॅपमुळेच ना ते," ते म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते. इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगून त्यांचाही विश्वास बसला होता. घरातला माझा एकमेव साक्षीदार मी दोन उशांसाठी घालवला होता. दूध पुसायला मी वाकले, तर त्यांनी मला वाकूही दिलं नाही.

पुढच्या डॉक्टरांकडे मी बोलायच्या आत यांनीच गॅप जाहीर केला. डॉक्टरांनाही ते सोयीचं वाटलं. त्यांनी एमआरआय लिहून दिला. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि कौतुकाने म्हणाले, तुमच्या वयात असा मणका बघायला मिळत नाही. हातांबद्दल मी सांगितलं, तर त्यांनी लाल गोळी लिहून दिली.

गाडीत बसल्यावर यांनी रिपोर्ट मागच्या सीटवर टाकला. होता तो खोटा आजारही गेला. गंगापूर रोडला सिग्नल लागला तेव्हा बोटांत आग सुरू झाली. मी पाण्याची बाटली उचलली, झाकण काही फिरेना. बाटली घरंगळून पायाशी पडली. यांनी खाली बघितलं, मग माझ्या बोटांकडे. सिग्नल सुटल्यावर गाडी कडेला घेतली, बाटली उघडली आणि माझ्या तोंडाला लावली. मला पाणी पाजता पाजता त्यांचाच शर्ट भिजला.

तेवढ्यात नणंदबाईंचा फोन आला. एका हातात बाटली, म्हणून यांनी तो स्पीकरवर टाकला. गॅप किती निघाला, ही त्यांची चौकशी होती.

यांनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "गॅप नाहीये, ताई. कशाने होतं ते कोणालाच कळत नाही. पण होतं. मी बघतो ना दर वेळी."

नाव नसलेल्या आजाराला बघायला जावं की जाऊ नये, याचा निकाल पलीकडे लागत असावा. शेवटी नणंदबाईंनी विचारलं, "मंग रविवारी येऊ का नको?"

"ये," हे म्हणाले, "पण हिचे हात जळत असले तर चहा तुलाच करावा लागेल."